पहिली पंगत, दुसरी पंगत

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे घडीबाई म्हणत. तिने घातलेली चादरीची घडी इतकी नेटकी असायची की ती मोडणं वॉर्डातल्या नर्सच्या जिवावर यायचं. आता ही घडी काही एकटीला घालता येत नाही. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन बाजू धरायच्या, समोरासमोर उभं राहून ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच. त्यामुळे घडीबाईने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ कुणाचं तोंड पाहिलं असेल, तर ते चादरीपलीकडच्या बाईचं. तिला ती 'समोरची' म्हणायची, तोंडावरसुद्धा. नवऱ्याचा नंबर त्यानंतर, आणि बराच नंतर.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. लोकांना पाव सकाळी लागतो, म्हणून त्याला रात्रपाळी, आणि तीही कायमची. लेक झाली तेव्हा दोघांनी बसून ठरवलं होतं की पोरीला कधी एकटं ठेवायचं नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भरवशावर तर नाहीच. मग ही दिवसा, तो रात्री. सकाळी तो भुवयांवर पीठ घेऊन घरात शिरायचा तेव्हा ही पर्स खांद्याला लावून बाहेर पडत असायची. संध्याकाळी ही यायची तेव्हा तो बुटाची नाडी बांधत असायचा. साप्ताहिक सुट्ट्याही एका दिवशी कधी आल्या नाहीत. पोर मात्र कधी एकटी राहिली नाही. तिच्या वाटणीचं एकटेपण आईबापांनी आपसांत वाटून घेतलं.

दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते दारात. आणि ते बहुतेक वेळा जेवणाचं. जो आधी जेवला त्याने मागून येणाऱ्याला सांगायचं, असा त्या घरचा नेम होता. 'भाजीत मीठ कमी पडलंय, वरून घे.' 'मासा आजच संपव, उद्यापर्यंत राहायचा नाही.' 'बटाटे मस्त झालेत, खालचे जरा लागलेत तेवढे सोड.' एवढं बोलून एकाने जिना उतरायचा आणि दुसऱ्याने ताटावरचं झाकण काढायचं. भांडायचं म्हटलं तरी वेळ नव्हता. बायका नवऱ्याच्या कागाळ्या करायला लागल्या की घडीबाई मूग गिळून बसायची. तिच्याकडे कागाळ्याही नव्हत्या, आता बोला!

तो निवृत्त झाला आणि तिला वाटलं, चला, सुटलो. आता संध्याकाळी दोघं एका टेबलाशी बसू. पण कसलं काय. इतक्या वर्षांची सवय पोटाला लागलेली. बाहेर ऊन असतानाच त्याला सपाटून भूक लागायची, आणि तो शेगडीजवळ उभ्या उभ्या जेवून मोकळा व्हायचा. ही घरी येईपर्यंत तिचं ताट झाकून ठेवलेलं आणि हा खिडकीशी डुलक्या घेत. ती आली की डोळे उघडून म्हणायचा, "कोबी बरा झालाय, मिरपूड घाल." झालं. रोज दारात भेटणारा नवरा आता खिडकीत भेटायला लागला, एवढाच काय तो फरक.

लेकीने विचारलं, "आई, बाबांच्या निवृत्तीचं काहीतरी करू या. डोंगरात जाता का कुठे?"

"डोंगर नको. बोटीवर जाऊ," घडीबाई म्हणाली.

लेक चकित. आईला समुद्राचं वेड कधीपासून लागलं, हे तिला कळेना. आईला समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. डोंगरात माणूस फिरायला म्हणून निघून जातो. बोटीवरून जाईल कुठे? बोटीवर रोज रात्री पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, ठरलेल्या टेबलाशी, नवरा-बायकोला समोरासमोर बसवून वाढतात, असं तिने एका पेशंटच्या बहिणीकडून ऐकलं होतं. तेवढ्यासाठी तिला बोट हवी होती. आपण ज्याच्याशी संसार केला त्याच्याशी एक जेवण पुरेल एवढं बोलता येतं का, हे तिला एकदा बघायचं होतं. आणि येत नसेल तर? हा प्रश्न तिने कुणापुढे काढला नव्हता. समोरचीला सोडून.

"बोलणार काय तुम्ही?" समोरचीने चादर ताणत विचारलं.

"ते ठरवतेय. दर रात्रीला एक विषय काढून ठेवते. पहिल्या रात्री पोरीचं लहानपण. मग त्याचा बेकरीचा मालक. मग माझी सासू."

"सासू शेवटच्या रात्री ठेव," समोरची म्हणाली. "भांडण झालं तर निदान बोट किनाऱ्याला लागलेली असेल."

सहलीचं बुकिंग करणारा माणूस मोठा बोलघेवडा होता. दुकानात एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर बोटीचं चित्र. नवरा आपले फोटो द्यायला सकाळीच जाऊन आला होता. ही कामावरून सुटल्यावर गेली. दोघांनी एकदमच जावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एकाने करून यावं, दुसऱ्याने उरलेलं करावं, हीच त्यांची रीत.

"ताई, बोटीवर उपाशी कुणी राहत नाही," सहलवाला म्हणाला. "सकाळपासून वरच्या डेकवर बुफे मांडलेला असतो. हवं ते घ्या, हवं तितक्यांदा घ्या. फक्त एक ऐका. पहिल्या दिवशी लोक बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या त्याच्यावर तुटून पडतात आणि मग रात्रीच्या खऱ्या जेवणाला पोटात जागा उरत नाही. रात्री मुख्य भोजनगृहात जायचं. तिथे टेबल ठरलेलं, वाढपी ठरलेला. दुसऱ्या रात्रीपासून तो तुमच्या आवडीनिवडी लक्षात ठेवतो."

"सगळं तिकिटातच?"

"भोजनगृह आणि बुफे तिकिटात. बाटलीतली पेयं वेगळी. आणखी दोन छोटी, छानछोकीची हॉटेलं आहेत बोटीवर, त्यांचे पैसे वेगळे. तिथे नाही गेलात तरी काही बिघडत नाही. कसली ॲलर्जी असेल तर आत्ताच सांगा, तिथे जाऊन ऐन वेळी नको. आणि एका रात्री जरा चांगले कपडे. साहेबांना कोट लागेल."

साहेब म्हणजे आपला नवरा, हे घडीबाईच्या लक्षात यायला एक क्षण लागला. तिने टेबलावरच्या काट्याचमच्यांबद्दलही विचारून घेतलं. सहलवाला म्हणाला, "बाहेरून सुरू करायचं आणि आत आत यायचं. चुकलात तरी बोट बुडत नाही." मग कॉम्प्युटरकडे बघत त्याने विचारलं, "रात्रीचं जेवण पहिल्या पंगतीला की दुसऱ्या? पहिली दिवेलागणीला, दुसरी त्यानंतर."

"दुसऱ्या," ती म्हणाली. ती रोज उशिराच जेवत होती. सकाळी याच खुर्चीत बसून नवऱ्याने काय सांगितलं असेल, याचा विचार तिला शिवलाही नाही.

बोटीवर चढेपर्यंत दुपार झाली. खोली म्हणजे दोन पलंग, एक गोल खिडकी आणि उघडलं की गुडघ्याला लागणारं बाथरूमचं दार. नवरा कपडे न बदलताच आडवा झाला आणि घोरायला लागला. दुपार ही त्याची रात्र. घडीबाईने पलंगावरची चादर जरा उचलून कोपऱ्याची घडी तपासली, नाक मुरडलं आणि वर डेकवर गेली. बुफेवर खरंच झुंबड होती. टरबुजं कोरून त्यांची फुलं केलेली, केकचे मनोरे, वाफाळणारे भाताचे डोंगर. तिने नुसतं बघून घेतलं. भूक तिला रात्रीसाठी राखून ठेवायची होती.

खाली आली तेव्हा दाराला दोन कार्डं लावलेली होती. एकावर नवऱ्याचं नाव, टेबलाचा आकडा आणि लिहिलेलं, पहिली पंगत. दुसऱ्यावर तिचं सगळं तसंच, आणि दुसरी पंगत.

"अहो, उठा," तिने त्याला हलवलं. "यांनी घोटाळा केलाय."

दोघं तसेच भोजनगृहाच्या दाराशी गेले. तिथे पंगतींची व्यवस्था बघणारा एक उंच गृहस्थ उभा होता, काळा कोट, हातात टॅबलेटची पाटी. त्याने तिच्यावर बोटाने दोनदा टकटक करून बघितलं.

"घोटाळा नाही, बाई. साहेबांनी पहिली पंगत सांगितली आहे, तुम्ही दुसरी. बुकिंगवाल्यांनाही शंका आली होती. त्यांनी घरी फोन करून विचारलं होतं, असं इथे दिसतंय. उत्तर आलं, हो, आमचं तसंच असतं."

घडीबाई नवऱ्याकडे वळली. तो डोकं खाजवत होता.

"आला होता खरा फोन," तो म्हणाला. "दुपारचा. मी झोपेत होतो गं. त्याने विचारलं, तुम्ही पहिल्या आणि बाई दुसऱ्या पंगतीला, बरोबर ना? मी म्हटलं, हो. आणि मग, आपलं तसंच असतं ना?"

यात खोटं काही नव्हतं, तेच तिला लागलं. तो विसरला असता, चिडला असता, तिला टाळायला म्हणून मुद्दाम सांगितलं असतं, तरी भांडायला काहीतरी हाताशी आलं असतं. त्याने फक्त जे होतं ते सांगितलं होतं. इतके महिने ती मनात टेबलं मांडत होती, विषय निवडत होती, आणि या माणसाच्या डोक्यात अर्ध्या झोपेतसुद्धा दुसरी खुर्ची आली नव्हती.

"आज दोन्ही पंगती भरलेल्या आहेत," काळा कोट अदबीने म्हणाला. "उद्या नक्की काहीतरी करतो. आजच्या दिवस वर बुफेत बसलात तर दोघांना एकत्र जेवता येईल."

"मग वर जाऊ," नवरा लगेच म्हणाला. त्याला काय, कुठेही चाललं असतं.

"काही नको," घडीबाई म्हणाली. "तुमची वेळ झालीय. जा जेवायला."

"अगं, पण..."

"जा म्हणते ना."

तो गेला. नाकावर राग असलेली बायको आणि आतून येणारा भाजलेल्या पावाचा वास, यात त्याने वासाचं ऐकलं. घडीबाई डेकवर जाऊन कठड्याला टेकून उभी राहिली. समुद्र होता, भरपूर होता. लोक त्याचे फोटो काढत होते. तिला रडू येत होतं आणि रडायचं कारण कुणी विचारलं असतं तर सांगायची लाज वाटली असती. नवरा वेळेवर जेवतो म्हणून बाई रडली, हे समोरचीला तरी कसं सांगायचं?

दुसऱ्या पंगतीची घंटा झाली तशी ती तोंड धुऊन खाली आली. पहिल्या पंगतीची माणसं बाहेर पडत होती. दाराशी, येणाऱ्यांच्या आणि जाणाऱ्यांच्या मधोमध, नवरा उभा होता. लोक त्याला वळसा घालून जात होते.

"सूप घेऊ नकोस," तो म्हणाला. "नुसतं गरम पाणी आहे. मासा चांगला आहे. त्याच्यावर पांढरं काहीतरी ओततात, ते बाजूला काढ."

"आणि पाव?" तिने विचारलं. रागावली होती तरी विचारलं. इतक्या वर्षांत कधी न विचारता पुढे गेली नव्हती.

"पाव वरून लाल, आत कच्चट. भट्टीची घाई झालीय कुणाला तरी." एवढं झाल्यावर तो नेहमीसारखा निघून जायला हवा होता. तो हलला नाही. "माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या मिसेस नाही आल्या? मी म्हटलं, ती मागून जेवते. त्या म्हणाल्या, का हो? मी म्हटलं, आमचं तसंच असतं. बाई काही सोडेनात. म्हणाल्या, पण का?"

"मग?"

"मग मी म्हटलं, आमची मुलगी लहान आहे ना."

घडीबाई त्याच्याकडे बघत राहिली. लेकीच्या केसांत आता पांढरी बट दिसायला लागली होती.

"तोंडातून तेच आलं," तो म्हणाला. "दुसरं काही कारण सापडेचना. मग त्यांनी विचारलं, केवढी आहे? मी सांगितलं, तर सगळं टेबल हसलं. मी पण हसायला गेलो, पण मला काही हसू आलं नाही. उठलो आणि इथे येऊन उभा राहिलो." त्याने खिशात हात घातले, पुन्हा बाहेर काढले. "मी बसू का तुझ्याजवळ?"

काळ्या कोटाने पाटी बघितली. घडीबाईच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीचे धनी बोट लागल्यामुळे खोलीत बादली घेऊन पडले होते. "पण साहेब, आपलं जेवण झालेलं आहे," तो म्हणाला.

"मला जेवायचं नाही. बसायचंय," नवरा म्हणाला.

काळ्या कोटाने मुकाट्याने खुर्ची मागे ओढून दिली.

ती पहिली रात्र काही फार गोड गेली असं नाही. समोर कुणी बघत बसलंय आणि आपण जेवतोय, याची तिला सवयच नव्हती. घास हातात धरून ती म्हणाली, "असं टक लावून बघू नका हो." तो मीठदाणीकडे बघायला लागला. लेकीचं लहानपण हा विषय तिने काढून ठेवला होता, पण तो दारातच संपून गेल्यासारखा झाला होता. मालक आणि सासू दोघंही आठवेनात. टेबलावरचं दुसरं जोडपं आपल्या नातवंडांचे फोटो एकमेकांना दाखवत होतं, जणू दोघांची नातवंडं वेगळी होती.

बऱ्याच वेळाने नवरा म्हणाला, "तू इतकी सावकाश जेवतेस?"

"हो."

"मला वाटायचं, माझ्यासारखीच उरकत असशील."

"उरकून करायचं काय?" ती म्हणाली. "ताट संपलं की भांडी घासायची आणि झोपायचं. म्हणून पुरवून पुरवून जेवायची."

 त्याने पावाची टोपली तिच्याकडे सरकवली, मग कच्चट असल्याचं आठवून मागे घेतली, आणि त्यातला त्यात बरा भाजलेला तुकडा निवडून तिच्या ताटात ठेवला. भोजनगृह रिकामं झालं, वाढपी दुसऱ्या दिवसासाठी टेबलांवर चादरी पसरायला लागले. त्यातली एक वाकडी पडलेली तिने जाता जाता नीट केली.

दुसऱ्या दिवशी त्यांना दुसऱ्या पंगतीला एकत्र जागा मिळाली. लगेच सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. ऊन उतरायच्या आत भट्टीवाल्याच्या पोटात कावळे ओरडायचे, आणि तो डेकवर येरझारा घालत बिस्किटं चघळायचा. एका रात्री भूक मारून मारून तो इतका थकला की केक यायच्या आधी खुर्चीतच झोपी गेला. कोटाच्या रात्री कोटाची बाही सॉसमध्ये बुडाली. सासूचा विषय तिसऱ्याच रात्री निघाला, आणि चौथ्या रात्री दोघं न बोलता जेवली. पण जेवली एकाच वेळी. पाचव्या रात्री तो आपण होऊन सांगायला लागला, की हिवाळ्यात कणीक फुगत नसे तेव्हा तो तिच्यावर आपला कोट पांघरायचा आणि स्वतः शर्टावर काम करायचा. घडीबाईला तो कोट आठवला. पिठाने पांढरा व्हायचा तो तिनेच तर झटकला होता, इतकी वर्षं, आणि कशाने होतो हे कधी विचारलं नव्हतं.

घरी परतल्यावर ती कामावर रुजू झाली. तिच्या मनात धाकधूक होती. बोट ती बोट आणि घर ते घर. घरी वाढपी नाही, घंटा नाही, काळा कोट नाही. सवय परत डोकं वर काढणार, हे तिने गृहीत धरलं होतं. त्यातच त्या दिवशी रोलर अडकला. चादरींचा ढीग छातीपर्यंत आला, आणि तो निस्तरून निघायला तिला रोजच्यापेक्षाही उशीर झाला. जिना चढताना तिने स्वतःला समजावलं, की ताट झाकलेलं असेल आणि तो खिडकीशी डुलक्या घेत असेल, तर वाईट वाटून घ्यायचं नाही. एवढी बोट बघून आलो, ते काय कमी आहे?

दार उघडलं. टेबलावर दोन ताटं पालथी घातलेली होती. एका ताटामागे नवरा बसला होता, डोळे टक्क उघडे, चेहरा भुकेने उतरलेला.

"ही काय यायची वेळ झाली?" तो कडाडला. "कधीपासून बसलोय! दोनदा गरम केलं, दोनदा गार झालं. एखादा फोन नाही, काही नाही. घरी कुणी वाट बघत असेल याचा काही विचार?"

घडीबाई दारातच उभी राहिली. लग्न झाल्यापासून या घरात ती जेवायला उशिरा आली असं कधी झालंच नव्हतं, कारण जेवायला तिच्यासाठी कुणी थांबतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चादरीचा कोपरा हातात देताना ती समोरचीला म्हणाली, "काल उशीर झाला ना, घरी गेल्यावर मी चांगलीच बोलणी खाल्ली."

"अरे देवा," समोरची कळवळून म्हणाली.

"खूप ओरडला," घडीबाई म्हणाली, आणि तिने चादर इतकी जोरात ताणली की समोरची दोन पावलं पुढे आली.